एकच जिना

आल्डर रिज,
१४ जानेवारी १९८१

प्रिय आर्वो,

तू आमदारकीची शपथ घेतल्याची बातमी आम्ही शाळेतल्या रेडिओवर ऐकली. निवेदकाने आपल्या आडनावाची अशी काही मोडतोड केली की माझी पाचवीची मुलं हसत सुटली. मी त्यांना गप्प केलं नाही. केम्पाइनेन हे नाव राजधानीतल्या माणसांच्या जिभेवर रुळायला वेळ लागणारच.

गावाला अजून खरं वाटत नाही. काल मार्टाच्या कॉफीच्या दुकानात उर्हो निस्काला सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आर्वोला पाठवलाय खरा, पण त्याला बोलता कुठे येतं? सोबत बंब दिला असता तर गोष्ट वेगळी." मी म्हटलं, "बोलणारे तिथे आधीच पुष्कळ आहेत, उर्हो." त्यावर तो हसला. शाळा मंडळाचा अध्यक्ष झाल्यापासून तो माझ्या बोलण्यावर हसतो, हे एक बरं आहे.

मोठ्या पुलाच्या दक्षिणेला, राजधानीकडे, राहणाऱ्यांना आपण पूल झाल्यापासून 'पुलाखालचे राक्षस' म्हणत आलो. आता तू त्यांच्याच पंगतीला बसणार. त्यांना आपल्याकडच्या बर्फाच्या गोष्टी सांगू नकोस, ते तुला थापाड्या म्हणतील.

एक गोष्ट मात्र मोठी चुलत बहीण म्हणून सांगते. निवडणुकीत तू दारोदार फिरलास आणि प्रत्येक दारात तेच सांगितलंस, की स्टॅनवेच्या शाळेसारखी आग परत कुठे लागू द्यायची नाही. त्या आगीला पुढच्या महिन्यात तीन वर्षं होतील. आपल्या गावचा बंब सगळ्यांत आधी पोचला आणि बंबाचा प्रमुख म्हणून तू वर गेलास, दोन मुलं वाचली नाहीत, एवढं सगळ्यांना ठाऊक आहे. वर तू काय पाहिलंस ते तू कधी बोलला नाहीस. मी विचारलं नाही, आजही विचारत नाही. पण कायदा करायला निघालायस, तर कधीतरी ते बोलावं लागेल असं मला आपलं वाटतं.

मांस-बटाट्याच्या पास्टी पाठवल्या असत्या, पण टपालात त्यांचं काय होईल सांगता येत नाही.

तुझी,
लेम्पी


राजधानी,
१९ फेब्रुवारी १९८१

प्रिय लेम्पी,

पत्र मिळालं. इथे बर्फ पडतो तो आपल्याकडच्या बर्फाची नक्कल केल्यासारखा. दुपारपर्यंत चिखल.

मला सार्वजनिक सुरक्षा समितीवर घेतलं आहे. अध्यक्ष ऑस्ट्रँडर नावाचे गृहस्थ आहेत. सफरचंदांच्या बागा आहेत त्यांच्या, आणि सभागृहात वीस वर्षं काढली आहेत. माणूस वाईट नाही. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "केम्पाइनेन, इथे आग विझवायची नसते. ती कुठल्या बाजूला जातेय ते बघायचं, आणि आपण दुसऱ्या बाजूला उभं राहायचं." मी हसलो. रात्रभर मात्र ते वाक्य डोक्यात राहिलं.

माझं विधेयक मांडून झालं. साधं आहे. ज्या शाळेत वरच्या मजल्यावर वर्ग भरतात, तिथे खाली यायला दोन जिने हवेत, एकमेकांपासून लांब, आणि दोन्ही बंद भिंतींचे, म्हणजे एकातला धूर दुसऱ्यात जाणार नाही. तीन वर्षांत हे झालं नाही तर वरचा मजला बंद. बस, एवढंच. वकिलांनी त्याची सोळा पानं केली.

सुनावणीला स्टॅनवेच्या मिसेस बोशाम आल्या होत्या. त्यांचा रेमंड त्या दोघांतला. बोलल्या नाहीत. दुसऱ्या रांगेत मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. पुढच्याही प्रत्येक सुनावणीला येणार म्हणाल्या. सात तासांचा प्रवास आहे.

भाषणात मी तुझा उल्लेख केला. मुलांना वाचायला शिकवणारी माणसं जिवंत मुलांनाच शिकवू शकतात, असं काहीतरी बोलून गेलो. बरं जमलं नाही.

तुझा,
आर्वो


आल्डर रिज,
११ मार्च १९८१

प्रिय आर्वो,

तुझं विधेयक वर्तमानपत्रात आलं. मी ते मार्टाकडे बसून वाचलं आणि कॉफी तशीच राहिली.

आपल्या शाळेला एकच जिना आहे, आर्वो. तू त्याच्या कठड्यावरून घसरत खाली यायचास. वर तीन वर्ग भरतात, आणि त्यांना खाली जागा नाही. खाण कंपनीने ती इमारत बांधली तेव्हा गावात दोन हजार माणसं होती, आता कंपनी गेली आणि आपण उरलो. दुसरा जिना बांधायचा तर अर्धी भिंत पाडावी लागेल, आणि मंडळाकडे छप्पर दुरुस्त करायलाही काही नाही. उर्होने एका वाक्यात सांगून टाकलं, "हा कायदा झाला की आपल्याला कुलूप लावायचं, आणि पोरं हॅलोरनला पाठवायची."

हॅलोरन. म्हणजे कड्यावरचा रस्ता. तो रस्ता हिवाळ्यात कसा असतो ते मी तुला सांगायला नको, त्याच्यावरून किती गाड्या तू दोर लावून वर काढल्यास. सहा वर्षांची पोरं अंधारात निघणार आणि अंधारात परतणार. आणि शाळा गेली की गावात राहतं काय? चर्च, मार्टाचं दुकान आणि दफनभूमी.

तू हे विसरला असशील. हजार कामं असतात, मी समजू शकते. एक ओळ घाल म्हणजे झालं, की लहान गावांच्या शाळांना हे लागू नाही. गावात कोणी तुझ्यावर रागावलेलं नाही. मार्टा म्हणाली, "आपलाच पोरगा आहे, तो बघेल." तेव्हा बघ.

लेम्पी


राजधानी,
२ एप्रिल १९८१

प्रिय लेम्पी,

मी विसरलो नव्हतो. विधेयकाचं पहिलं वाक्य लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर आपलाच जिना होता. तुला आधीच सांगायला हवं होतं. धीर झाला नाही.

तू म्हणतेस ती ओळ ऑस्ट्रँडरनी मला आयती देऊ केली आहे. शंभराहून कमी मुलांच्या शाळा वगळा, ते म्हणतात, म्हणजे खेड्यापाड्यांचे आमदार गप्प बसतील आणि विधेयक लोण्यातून सुरी जावी तसं जाईल. मी नाही म्हणालो. स्टॅनवेच्या शाळेत शंभर मुलं नव्हती. शहरातल्या शाळा विटांच्या आहेत आणि बंब दोन गल्ल्यांवर असतो. जळतात त्या आपल्यासारख्या. त्याच वगळायच्या तर कायदा कोणासाठी करायचा?

कड्यावरच्या रस्त्याबद्दल माझ्याकडे उत्तर नाही.

आर्वो


आल्डर रिज,
९ एप्रिल १९८१

आर्वो,

तुझं पत्र मी उर्होला वाचून दाखवलं नाही. गावात तुझं नाव अजून चांगलं आहे, ते माझ्यामुळे जायला नको.

तू वर्षातून चार दिवस आगी बघितल्यास. मी सव्वीस वर्षं रोज सकाळी ती मुलं बघते. स्टॅनवेची इमारत जुनी होती, तिथली माणसं बेसावध होती. माझी मुलं रांगेत चालतात. शिट्टी वाजली की पाठ असल्यासारखी बाहेर पडतात. तुला ते खरं वाटत नसेल तर मी दाखवते. बर्फ वितळला की उर्होला साक्षीला घेऊन मी आगीचा सराव करणार आहे, तोही जिना बंद आहे असं धरून. काय होतं ते तुला लिहून कळवेन, आणि तू ते तुझ्या समितीपुढे वाचून दाखव.

तोपर्यंत लिहू नकोस. जूनमध्ये वाफ घ्यायला सॉना तापवलेला असेल म्हणून नेहमीसारखा येऊन टपकू नकोस.

लेम्पी


राजधानी,
२६ मे १९८१

प्रिय लेम्पी,

लिहू नकोस म्हणाली होतीस, पण लिहितो, कारण तुला बरं वाटेल अशी बातमी आहे.

मी ती ओळ घातली. लहान शाळा वगळल्या. काल समितीत दुरुस्ती मंजूर झाली, पुढच्या आठवड्यात विधेयक सभागृहात येईल आणि पास होईल. ऑस्ट्रँडरनी माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, "आता तू आमदार झालास."

तुझ्या शेवटच्या पत्रानंतर मी कड्यावरच्या रस्त्याचाच विचार करत होतो. त्या रस्त्यावर मुलांची बस घसरली तर तो माझा कायदा असेल. शिवाय तू लिहीत नाहीस. इथे रोज संध्याकाळी खोलीवर यायचं आणि टपालपेटीत गावाकडचं काही नाही, याची मला सवय नाही. मी स्वतःला सांगितलं, अर्धा कायदा मुळीच नसण्यापेक्षा बरा. शहरातली मुलं तरी सुरक्षित होतील.

दुरुस्ती वाचून दाखवली तेव्हा मिसेस बोशाम नेहमीच्या जागी होत्या. शेवटपर्यंत ऐकलं, पिशवी उचलली आणि गेल्या. माझ्याकडे बघितलंही नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

तू खूश आहेस ना? एक ओळ लिही.

आर्वो


आल्डर रिज,
२६ मे १९८१

प्रिय आर्वो,

आज सराव केला. झालं ते जसंच्या तसं लिहिते.

उर्हो जिन्याच्या मधल्या पायरीवर खुर्ची टाकून बसला. तो म्हणजे आग. मुलांना वाटलं खेळ आहे. टोइनी म्हणाली, "मिस्टर निस्काला, तुम्ही आगीसारखे दिसत नाही." तो म्हणाला, "विझलेली आहे, पण पोळते." सगळे हसले. मीही हसले.

मग मी शिट्टी वाजवली. वरचे तिन्ही वर्ग रांगेत बाहेर आले, मी तुला लिहिलं होतं तसेच, एक शब्द न बोलता. जिन्याच्या तोंडाशी आले आणि थांबले. खाली उर्हो हात पसरून बसलेला. मी म्हटलं, "जिना पेटलाय. मागे फिरा." फिरले. वर्गात आले. मी खिडकी उघडायला गेले. ती रंगाने चिकटून बसली होती. दुसरीही तशीच. तिसरी मी आणि मोठ्या मुलांनी मिळून ढकलून उघडली, आणि तिच्या बरोबर खाली तळघराच्या दगडी पायऱ्या. सव्वीस वर्षांत मी त्या खिडकीतून हजारदा बाहेर पाहिलं असेल, पण खाली कधीच पाहिलं नव्हतं.

तेव्हा वाइनोने विचारलं, अगदी शांतपणे, बेरजेत अडलं की विचारतो तसं, "मिस केम्पाइनेन, मग आता आम्ही काय करायचं?"

सगळी माझ्याकडे बघत होती. मला काही सुचेना, म्हणून मी जे रोज म्हणते तेच म्हणाले, "बसा." आणि ती बसली, आर्वो. आपापल्या बाकावर, हाताची घडी घालून. मी शिकवलंय तशी. कोणी रडलं नाही, धावलं नाही. त्यांना वाटलं, मिस बसा म्हणाली म्हणजे आता सगळं ठीक आहे.

थोड्या वेळाने उर्हो वर आला. दारात उभा राहिला. म्हणाला, "काय झालं? कोणीच खाली का आलं नाही?" मग त्याने त्यांना बसलेलं पाहिलं. टोपी हातात घेतली आणि निघून गेला. संध्याकाळी मला म्हणाला, "हे गावात बोलायची गरज नाही." मी म्हटलं, "मी आर्वोला कबूल केलंय." म्हणाला, "तू शाळा घालवशील."

तेव्हा आमच्यासाठी ओळ घालू नकोस. शाळा गेली तर मला ते कसं सोसवेल, मला माहीत नाही. पण त्या मुलांना 'बसा' म्हणून मी उद्या परत त्याच खोलीत जाणार आहे, आणि परवाही. हे त्याहून कठीण आहे.

जूनमध्ये ये.

लेम्पी


राजधानी,
७ जून १९८१

प्रिय लेम्पी,

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली, बहुधा पुलावरच. तुझं मला सभागृहातल्या मतदानाच्या आदल्या दिवशी मिळालं. मी ते उभ्यानेच वाचलं, आणि मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

तू न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो. स्टॅनवेला वर गेलो तेव्हा मला वाटलं होतं की ती दोघं खिडकीपाशी सापडतील, किंवा दारापाशी. आगीत माणसं तिथेच सापडतात. ती तिथे नव्हती. आपापल्या बाकावर बसली होती. हाताची घडी. त्यांची बाई काही आणायला खाली गेली होती, जाताना "मी येईपर्यंत बसा" म्हणाली होती. तिला परत वर येता आलं नाही. बाकीची मुलं खालून माणसांनी हाका मारल्या तशी खिडकीतून बर्फात उड्या मारून आली. ही दोघं शहाणी होती. हे मी कोणालाही सांगितलेलं नव्हतं. त्या बाईला तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिसेस बोशाम बाहेरच्या बाकावर दिसल्या. परत येतील असं मला वाटलं नव्हतं. मी त्यांच्याजवळ गेलो. म्हटलं, आज मला आत काहीतरी सांगायचंय, ते तुम्ही आधी माझ्याकडून ऐका. आणि सांगितलं. त्या बराच वेळ पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "रेमंड तसाच होता. एकदा सांगितलं की ऐकायचा. त्याच्या भावांना दहादा सांगावं लागतं." आणि पिशवी उचलत म्हणाल्या, "सांगा त्यांना."

मी उभा राहिलो आणि माझीच दुरुस्ती काढून टाका म्हणालो. का, ते सांगितलं. आधी स्टॅनवे, मग तुझं पत्र, वाइनोच्या प्रश्नापर्यंत. पुढे वाचवलं नाही. दुरुस्ती काढली गेली. पण तिच्याबरोबर खेड्यांतल्या आमदारांची मतंही गेली, आणि विधेयक पडलं. फार नाही, थोडक्यात पडलं. ऑस्ट्रँडर मला दारात भेटले. म्हणाले, "अर्धी भाकरी हातात होती, ती तू खाली टाकलीस. चांगला माणूस आहेस, पण माझ्या समितीत मला चांगली माणसं परवडत नाहीत."

तेव्हा सध्या माझ्याकडे ना कायदा आहे ना समिती. आणि तू विचारलं नाहीस तरी सांगतो, मला झोप लागतेय.

वीस तारखेला येतो. सॉना तापवून ठेव.

आर्वो


आल्डर रिज,
२० जानेवारी १९८२

प्रिय आर्वो,

येते. तू विधेयक परत मांडलंयस, तर मी साक्षीला हवीच. समितीपुढे बोलायचं म्हणजे काय करायचं ते मला माहीत नाही, पण वर्गासमोर बोलायचं म्हणजे काय ते माहीत आहे, आणि तू सांगतोस त्यावरून फारसा फरक दिसत नाही.

उर्हो म्हणाला, "गेलीस तर परत आल्यावर तुला गाव ओळखेल असं समजू नकोस." मी म्हटलं, "गावाला वाचायला मी शिकवलं, ओळखायला तुझ्याकडून शिकू दे."

सरावाच्या दिवशी त्याने टोपी काढली होती, ते मी कोणाला सांगणार नाही. त्याला ते माहीत आहे, म्हणून जास्त चिडतो.

मंगळवारच्या गाडीने पोचेन. राखाडी कोट.

लेम्पी


आल्डर रिज,
५ नोव्हेंबर १९८२

प्रिय आर्वो,

आकडे तुला कळलेच असतील. मतदारसंघाच्या दक्षिणेकडच्या गावांनी तुला मतं दिली, स्टॅनवेने तर भरभरून दिली. तुला पाडलं ते आपण. मतपेट्या चर्चच्या तळघरात होत्या, मी कॉफीच्या भांड्यापाशी होते. माणसं येत होती, मत देत होती आणि माझ्या हातची कॉफी न घेता जात होती, तेव्हाच मला निकाल कळला.

फेब्रुवारीत मी तिथे बोलून आले तेव्हापासून हे असंच आहे. वसंतात कायदा पास झाला त्या दिवशी तर दुकानातलं बोलणं मी आत शिरताच थांबलं. जिन्याचा निम्मा खर्च राज्य देणार, ही तुझी मेहनत मला माहीत आहे. मी मंडळाला समजावलं. पण उरलेला निम्माही आपल्या गावाला पेलण्यासारखा नाही, आणि ते काही खोटं बोलत नाहीत. मंडळ तीन वर्षं थांबायला तयार नाही, येत्या जूनमध्येच शाळा बंद होतेय. सगळी मुलं हॅलोरनला.

मार्टा काल माझ्या टेबलाशी आली. कप ठेवला आणि म्हणाली, "लेम्पी, स्टॅनवेला आग लागली. इथे नाही लागली. जी लागली नाही तिच्यासाठी तुम्ही दोघांनी आमची शाळा घेतलीत." मला रागावता आलं नाही. तिचा नातू पुढच्या वर्षी पहिलीत जाणार होता, चालत, रस्ता ओलांडला की शाळा.

मी तुला मत दिलं. गावात आणखी कोणी दिलं असेल, तर ते बोलत नाहीत.

आवरून इकडे ये. तोंड लपवून दक्षिणेत राहू नकोस. इथे लोक तुझ्याशी बोलणार नाहीत, पण ते तू लहान असतानाही फारसं बोलत नव्हते.

लेम्पी


राजधानी,
१२ डिसेंबर १९८२

प्रिय लेम्पी,

खोली आवरून झाली. दोन वर्षांत माणूस किती कागद जमवतो.

मार्टा बरोबर बोलली. मी बंबावर होतो तेव्हा सोपं होतं. घर जळत असायचं, आपण पाणी मारायचं, आणि लोक पास्टी घेऊन यायचे. कायद्याचं तसं नाही. तो नीट लागला तर काहीच होत नाही, आणि काहीच न होण्याबद्दल कोणी कोणाचे आभार मानत नाही. मानूही नयेत. मुलांना आता पहाटे उठावं लागणार, हे मात्र होणार आहे, आणि ते सगळ्यांना दिसणार आहे.

ऑस्ट्रँडरनी निरोपाला सफरचंदांची पेटी पाठवली. चिठ्ठी नव्हती.

मी ठरवलंय काय ते ऐक, आणि हसू नकोस. हॅलोरनच्या शाळांना कड्यावरच्या रस्त्यासाठी बसचालक हवा आहे. त्या रस्त्यावर कुठे बर्फ साचतो आणि कुठे वारा खालून येतो, ते माझ्याइतकं कोणाला माहीत नाही. मी अर्ज केला. तिथल्या बाईने फोनवर विचारलं, "याआधी काय करत होता?" मी म्हटलं, आमदार होतो. ती म्हणाली, "ते नाही, जड वाहन चालवलंय का?" मी म्हटलं, बंब. म्हणाली, "मग या."

ती मुलं माझ्यामुळे त्या रस्त्यावर जाणार. तेव्हा त्यांना मीच नेईन.

आर्वो


डुलुथ,
४ मार्च १९८४

प्रिय आर्वो,

शाळा बंद झाल्यावर निवृत्त होऊन मी इथे बहिणीकडे आले, ते चांगलं की वाईट हे अजून ठरलेलं नाही. सायमीच्या घरात इतकी उष्णता असते की तिची झाडंसुद्धा सुस्तावली आहेत. कोणाला काही शिकवायचं नसलं की दिवस फार लांब होतो.

मार्टाच्या पत्रात एक ओळ होती, "जानेवारीत बस घसरली, पण सगळे ठीक." तू मला दोन पत्रं लिहिलीस त्यानंतर, आणि एकातही ते नाही. खरं सांग. मी काही काचेची नाही.

आणि उन्हाळ्यात तू परत उभा राहतोयस असं ऐकते. कशासाठी, पोइका? एवढा मार खाऊन पोट भरलं नाही?

लेम्पी


आल्डर रिज,
६ मे १९८४

प्रिय लेम्पी,

पन्नाशीच्या जवळ आलेल्या माणसाला पोरासारखं पोइका म्हणणारी तू एकटीच उरलीस.

हो, घसरली. समोरून लाकडाचा ट्रक आला, मी उजवीकडे घेतली, आणि मागचं चाक कड्याच्या बाजूला बर्फात रुतलं. बस कलली. आरशात बघितलं, तर मुलं माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "मागचं दार." बस. दर शुक्रवारी आम्ही ते करतो. सगळ्यांत मोठा आधी उतरला आणि खाली उभा राहिला, लहान त्याच्या हातात, मग बाकीची. मार्टाचा नातू उतरताना वळून मला म्हणाला, "तुम्ही पण या ना." मी सगळ्यांत शेवटी उतरलो. कोणाला खरचटलंही नाही. यात माझी हुशारी किती आणि नशीब किती, ते मला माहीत आहे. निम्मं निम्मं. ते तुला लिहायचं धैर्य होत नव्हतं, कारण निम्मं नशीब म्हणजे फार मोठं असतं.

म्हणूनच उभा राहतोय. सहा-सात वर्षांच्या मुलांनी त्या रस्त्यावर असूच नये. त्यांच्यासाठी गावातच दोन खोल्यांची शाळा हवी, एकमजली, म्हणजे जिन्याचा प्रश्नच नको. राज्याने लहान गावांना ती बांधून द्यावी, असं विधेयक मांडायचंय. या वेळी सुरक्षा समिती नको, शिक्षण समिती मागणार आहे. गेल्या वेळी मी लोकांच्या हातून काहीतरी काढून घेतलं आणि म्हटलं, हे तुमच्या भल्याचं आहे. भल्याचं होतंच. पण काढून घेऊन तिथे थांबायचं नसतं, हे मला बस चालवताना कळलं.

आता गावची बातमी. आपली जुनी शाळा गेल्या आठवड्यात पाडली. तू नव्हतीस ते बरं झालं. मुलांना सोडून मी तिथे बस उभी केली. उर्हो आधीच आलेला होता, कुंपणाला टेकून. पाडणाऱ्यांचा मुकादम आमच्यापाशी येऊन म्हणाला, "लाकूड खणखणीत आहे. विजेच्या तारा कोणी घातल्या होत्या? एकदम चोख. आणखी पन्नास वर्षं उभी राहिली असती."

उर्हो माझ्याकडे न बघता म्हणाला, "ऐकलंस?"

"ऐकलं."

"काही झालं नसतं, आर्वो."

सत्तर वर्षं काही झालं नव्हतं. "बहुतेक नसतं," मी म्हटलं.

"बहुतेक नाही. नसतंच."

वरचा मजला खाली आला, तुझ्या वर्गाची भिंत गेली, धूळ बसली. मी उमेदवारीचा कागद खिशात घेऊन हिंडत होतो. मतदारसंघातल्या माणसांच्या सह्या लागतात, स्टॅनवेच्या झाल्या होत्या, आल्डर रिजची एकही नव्हती. मागायचं धाडस झालं नव्हतं. त्या दिवशीही मागणार नव्हतो. बसकडे वळलो, तर उर्हो म्हणाला, "मार्टा म्हणत होती तुझ्याकडे कसलातरी कागद आहे."

मी दिला. त्याने चष्मा शोधला, सगळं वाचलं, दोन्ही बाजू. मग बसच्या बॉनेटवर ठेवून सावकाश सही केली. कागद परत देताना म्हणाला, "पण ते काही झालं नसतं."

"नसतं, उर्हो," मी म्हटलं.

आर्वो